मास्तरांच्या लेकीने रचलेली गोष्ट

आन्लोगा गावात एन्योनामचं शिलाईचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या बाजूला एक पडदा होता आणि कापड बेतायचं, कापायचं काम सगळं पडद्यामागे चालायचं. गिऱ्हाइकांनी विचारलं तर ती म्हणायची, "पुढे समुद्राचा वारा येतो, कापड धरवत नाही." खरं कारण वेगळंच होतं. ती कात्री डाव्या हाताने धरायची. लग्नाचा किंवा मयताचा कपडा डाव्या हाताने कापला आहे असं कळलं असतं, तर त्या गावात तो कुणी अंगाला लावला नसता.

बाकी सगळं ती उजव्या हाताने करायची. जेवण, देणं-घेणं, लिहिणं. ती उजवी नव्हती, तिला उजवी केलेली होती. लहानपणी आई तिचा डावा हात कापडाच्या पट्टीने कमरेला बांधून ठेवायची आणि जेवताना सुटलाच, तर बोटांना मिरची चोळायची. आईचं ते सरळ होतं. दुखायचं, आग व्हायची, संपायचं.

वडिलांचं तसं नव्हतं. गेर्शोन मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे, रविवारी प्रार्थनेत उपदेश करायचे, आणि त्यांचा आवाज असा की पाठीमागच्या बाकावरची म्हातारीसुद्धा पेंगायची थांबे. त्यांनी लेकीला उभ्या जन्मात बोट लावलं नाही. ते फक्त दिवेलागणीला कंदील जवळ ओढून तिला पुस्तक वाचून दाखवायचे.

पुस्तक पिवळ्या पुठ्ठ्याचं, 'चांगली मुलं' नावाचं. त्या किनाऱ्यावर ज्याला म्हणून एवे भाषा वाचता येत होती, तो त्याच पुस्तकावर अक्षरं गिरवून मोठा झाला होता. नाव चांगल्या मुलांचं असलं तरी आत सगळ्या वाईट मुलांच्याच गोष्टी होत्या. मासा चोरून खाणारा, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणारी, आणि सगळ्यांत शेवटी अमेले.

अमेले आजीला डाव्या हाताने पाणी देते. आजी म्हणते, हा हात आमच्या घरचा नाही. हाताला ते लागतं. रात्री तो अंगापासून सुटतो आणि चालत चालत खाडीवर जाऊन बसतो. सकाळी अमेलेची आई म्हणते, जा, तुझा हात घेऊन ये, त्याशिवाय दारात पाऊल टाकू नकोस. अमेले खाडीवर जाते. तिथे बगळे असतात. पुढचं गाण्यात होतं, आणि ते गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं:

अमेले, अमेले, बोट तुझे कुठे गेले?
खाडीकाठी बगळे आले, एक एक टिपून नेले.

अमेले परत येत नाही. शेवटचं वाक्य होतं, 'त्या संध्याकाळी घरात सगळे पोटभर जेवले.' तिथे मास्तर पुस्तक मिटायचे.

छोटी एन्योनाम दर वेळी ओक्साबोक्शी रडायची. मग पापा तिला उचलून मांडीवर घ्यायचे, सदऱ्याच्या बाहीने नाक पुसायचे, आणि ती तिथेच झोपी जायची. आईने तिला कधी मांडीवर घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यामुळे मोठेपणी तिला कुणी विचारलं असतं की लहानपणचं सुख कोणतं, तर तिने त्या पुस्तकाचंच नाव घेतलं असतं, आणि ते घेताना ती दचकलीही असती.

पुढे आई गेली, मास्तरांचे डोळे गेले, आणि ते दुकानाला लागूनच असलेल्या लेकीच्या घरी येऊन राहिले. अंगणातल्या कडुनिंबाखाली त्यांचा बाक. एन्योनामचा नवरा एलिकेम आक्रा शहराच्या वाटेवर प्रवासी गाडी चालवायचा, आठवड्यातून दोनदा घरी टेकायचा. आणि त्यांची एकुलती एक यायरा. यायराने रांगायच्या वयातच भाजलेला मासा उचलला तो डाव्या हाताने.

एन्योनामने ठरवलं, हिचा हात बांधायचा नाही. घरात तरी नाही.

यायरा शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा एलिकेमने विषय काढला. "डावखुरी तर डावखुरी, माझं काही म्हणणं नाही. पण ते पुस्तक वाच तिला. उद्या शाळेत सगळी पोरं अमेले म्हणतील आणि आपली तोंड बघत बसेल. परक्या देशातून आणलीय का तिला?"

"वाचीन. अमेलेची तेवढी सोडून."

"अगं, ती सोडली तर राहिलं काय? तो मासे चोरणारा?"

बाहेरून मास्तर म्हणाले, "मी सांगतो की. मला कुठे पुस्तक लागतं?"

"पापा, ती एक नको."

"का नको?"

"तिचा हात पाहिला नाहीत तुम्ही."

"मला दिसतं काय गं पाहायला?" मास्तर हसले. "पण कळतं. परवा पोरीने मला पाणी दिलं. पेला कुठल्या बाजूने आला ते कळलं मला. प्यालो की नाही? बोललो काही?"

ते खरं होतं. ते प्याले होते, आणि एन्योनामने ते दारातून पाहून डोळे पुसले होते. म्हणूनच तिला वाटलं, जमेल. पोरीला पुस्तकही मिळेल, आजोबांची मायाही मिळेल, फक्त ते एक टोक घासून बोथट करू.

ती गोष्ट तिने स्वतः वाचली. वाचता वाचता शेवट बदलला. तिच्या गोष्टीत आजी खाडीवर जाते, रुसलेल्या हाताला म्हणते, ये बाबा, चुकले मी, आणि त्याला पदरात गुंडाळून घरी आणते. बगळे उडून जातात. यायरा टाळ्या पिटायची आणि म्हणायची, "पुन्हा!" पुढे तिला अक्षरं जोडता येऊ लागली तेव्हा एन्योनामने ती शेवटची दोन पानं खळीने चिकटवून टाकली.

मास्तर भिंतीपलीकडे ऐकत असायचे. एकदा फक्त म्हणाले, "बाहेर खरं पुस्तक आहे, एन्यो."

शाळेत ती वेळ आलीच. दोरकास मॅडम वयाने लहान होत्या, स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी वर्गात गोष्ट वाचली, शेवटापाशी थांबून विचारलं, "मग अमेलेचं काय झालं, कोण सांगेल?" यायराने हात वर केला. डावा. उभी राहून तिने आजी, पदर, उडून जाणारे बगळे, सगळं रंगवून सांगितलं.

वर्ग फुटला हसण्याने.

"हे कुणी शिकवलं तुला?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या आईने वाचून दाखवलं. पुस्तकातच आहे."

"पुस्तकात आहे? मग ये, इथे येऊन वाच."

यायरा पुढे गेली. तिला वाचता उत्तम येत होतं, आईनेच शिकवलं होतं. तिने सगळ्यांसमोर, मोठ्याने, न अडखळता वाचलं की आईनेच अमेलेला घालवून दिलं, आणि त्या संध्याकाळी घरात सगळे पोटभर जेवले.

त्या दिवसापासून तिचं नाव अमेले पडलं. तिच्या हातचं खोडरबर कुणी घेईना. तिच्या दप्तरात कुणीतरी बगळ्याची पिसं घालून ठेवली. मधल्या सुट्टीत पोरं तिला धरायची, डावा हात वाळूत कोपरापर्यंत पुरायची आणि भोवती गोल धरून गाणं म्हणायची. "अजून आहे का गं? बघ, बघ, ओढून बघ!"

घरी येऊन तिने ही कागाळी केली नाही. दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "तू खोटं वाचलंस."

"बाळा, मला वाटलं..."

"पुस्तकात तिची आईच तिला पाठवते. तू पण मला पाठवणार होतीस. म्हणून खोटं वाचलंस."

एन्योनाम जमिनीवर बसली, पोरीला ओढून जवळ घेऊ लागली. यायराचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिने दुकानातली फीत घेतली, एक टोक दातात धरून स्वतःच डावा हात कमरेशी बांधला आणि उजव्या हाताने मक्याच्या आक्प्लेचा गोळा मोडू लागली. अर्धं कालवण अंगावर सांडलं. एन्योनामने फीत सोडली की ती पुन्हा बांधायची. "शिवू नकोस मला," म्हणायची, "तू तर आत लपून कापतेस."

संध्याकाळ झाली की ती आजोबांकडे जाऊन बसे. "तोग्बे, खरी सांगा." आणि मास्तर सांगायचे. अंध झाल्यापासून आवाज उलट जास्तच मुरला होता. बगळ्यांपाशी तो इतका खाली जायचा की ऐकणारं आपसूक पुढे झुकावं. यायरा रडायची. मग ते चाचपडत तिला उचलून मांडीवर घ्यायचे आणि सदऱ्याच्या बाहीने तिचं नाक पुसायचे.

एन्योनामने एके दिवशी ते दारातून पाहिलं. पोर झोपल्यावर तिला उचलून आत ठेवलं आणि बाकापाशी येऊन उभी राहिली.

"पापा, मी रडत होते ते तुम्हाला दिसत होतं ना? तेव्हा तर डोळे होते तुम्हाला."

"होते."

"मग रोज तीच गोष्ट का वाचायचात?"

मास्तरांना सवय होती, विचारलेल्या प्रश्नाला पवित्र शास्त्रातलं वचन काढून द्यायची. या वेळी वचन आलं नाही.

"तू रडलीस की माझ्याकडे यायचीस," ते म्हणाले. "एरवी कुठे यायचीस? दिवसभर त्या हाताशी झगडत कोपऱ्यात बसायचीस. शाळेतली पोरं घाबरून दूर पळायची, तुझी आई बोलायची नाही. ती गोष्ट संपली की तू मांडीवर. मला ते आवडायचं."

"मला रडवायला आवडायचं?"

"तुला उचलायला."

"आणि आता यायरा."

"आता यायरा," म्हातारा शांतपणे म्हणाला. "मला दिसत नाही, एन्यो. कुणी अंगावर आलं तरच ते आहे असं कळतं."

दुसरी कुणी असती तर तिला कदाचित म्हाताऱ्याची दया आली असती. एन्योनामलाही आली, पण खूप उशिरा. तेव्हा तिला एवढंच कळलं की आयुष्यभर उराशी धरलेली ऊब भीती पेटवून केलेली होती, आणि पेटवणाऱ्याला ते ठाऊक होतं.

ती रोज दुपारी त्यांना वर्तमानपत्र आणि शास्त्र वाचून दाखवायची. ते तिने बंद केलं. भांडली नाही. ताट ठेवायची, हात धुवायला पाणी द्यायची, निघून जायची. मास्तर विचारत, "आज काय लिहिलंय गं?" ती कात्री चालवत राहायची. म्हाताऱ्याच्या कानावर दिवसचे दिवस वाचलेला एक शब्द पडला नाही. शेवटी हरमॅटनचा कोरडा वारा सुटला, ओठ फुटायला लागले, तेव्हा एका दुपारी ते म्हणाले, "एक पान वाच. कुठलंही. तू म्हणशील ते."

"वाचत नाही. सांगते," एन्योनाम म्हणाली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

तिने गोष्ट सांगितली. एका गावात एक मास्तर होता. त्याला कशालाच चव लागेना. एकदा एक मूल त्याच्यासमोर रडलं, एक थेंब त्याच्या कालवणात पडला, आणि ते कालवण असं लागलं म्हणता! तेव्हापासून तो मुलांना बोलावून घ्यायचा, रडवायचा, आणि वाटी खाली धरायचा. खाडीवर मीठ पिकतं, पण याला लागायचं ते मुलांच्याच डोळ्यांतलं. मग मुलं शहाणी झाली. ती त्याच्यासमोर रडेनात. म्हाताऱ्याने स्वतःचे डोळे पिळले. पिळता पिळता डोळेच वाहून गेले. आता तो दारात वाटी धरून बसतो, आतमध्ये घरातली माणसं जेवतात, आणि तो विचारतो, मीठ आहे का कुणाकडे? कुणी उत्तर देत नाही. तोंडात घास आहेत ना सगळ्यांच्या.

तिचा आवाज कापला नाही. मास्तर मान तिरकी करून ऐकत होते, जशी ते एकेकाळी पोरांची पाठांतरं ऐकायचे.

"चांगली आहे," ते म्हणाले. "शेवट घाईत केलास. मीठ आहे का म्हटल्यावर थांब. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, आता कुणीतरी देईल. मग सांग. आणि एखादी ओळ गाण्याची हवी, नाहीतर मुलांच्या लक्षात राहत नाही."

"हवीय गाण्याची?"

"सांगायचीच, तर नीट सांग."

तिने पुन्हा सांगितली. मीठ आहे का, पाशी ती थांबली, आणि त्या थांबण्यात म्हाताऱ्याचा चेहरा खरोखरच वर झाला, कुणीतरी देईल म्हणून. गाणंही तिच्या तोंडून आलं, जणू आधीपासून तिथेच असावं:

म्हातारबुवा, म्हातारबुवा, मीठ हवं का?
डोळे गेले वाहून, आता रडता येतं का?

उंबऱ्यावर कुणीतरी हसलं. यायरा शाळेतून आली होती. किती वेळची उभी होती कोण जाणे. दोन्ही वेळा तिने ऐकली असावी, कारण सगळी पाठ होती.

पुढच्या दिवसांत एन्योनामला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे यायरा फीत बांधायची विसरू लागली. दुसरी म्हणजे ती घरी यायच्या आधी वाटेवर तिचा आवाज ऐकू यायचा, आणि तो एकटा नसायचा.

मग एका संध्याकाळी कुंपणापाशी पोरं जमली. "म्हातारबुवा, म्हातारबुवा, मीठ हवं का?" एकाने खाडीवरचा मिठाचा खडा बाकाकडे भिरकावला. तो मास्तरांच्या गुडघ्याला लागून खाली पडला. त्यांनी चाचपून उचलला, जिभेला लावला, आणि पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली.

एन्योनाम खराटा घेऊन धावली. कुंपणापर्यंत गेली आणि थबकली. पोरांच्या मधोमध यायरा होती. दोन मुलींनी तिच्या गळ्यात हात टाकले होते. तिचा डावा हात मोकळा होता, त्याच हाताने ती ताल धरायला सांगत होती, आणि सगळी पोरं त्या हाताकडे बघून टाळ्या देत होती. अमेले म्हणून कुणी हाक मारली नाही. पोरीचा चेहरा एन्योनामने कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता.

मागून मास्तरांनी विचारलं, "कोण आहेत गं? हाकलतेस का त्यांना?"

एन्योनामने खराटा कुंपणाला टेकवून ठेवला. "शाळेतली पोरं आहेत, पापा. जातील."

ती आत गेली आणि मशीन चालू केलं. पोरं अंधार पडेपर्यंत होती.

दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्या दिवशीही. रविवारी प्रार्थनेला जाताना मास्तरांचा हात धरून एलिकेम चालला होता, तेव्हा मागून गाणं आलं. परत आल्यावर एलिकेम भडकला. "हे काय चाललंय? सगळा गाव हसतोय म्हाताऱ्याला! आणि शिकवणारी आपलीच पोर? थोबाड फोडतो तिचं."

"तिला हात लावायचा नाही," एन्योनाम म्हणाली. "ती वाळूत पुरली जात होती तेव्हा तू आक्र्यात होतास."

"म्हणून बापाला पुरणार?"

तिने कात्री उचलली आणि ती पडद्यामागे गेली.

मास्तर त्यानंतर प्रार्थनेला गेले नाहीत. बाकही त्यांनी अंगणातून उचलून आत, भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावला. मग एकदा म्हणाले, "माझ्या कालवणात मीठ घालू नकोस." तिला वाटलं, टोमणा आहे. पण ते रोज पहिला घास जिभेवर धरून बघायचे, आणि मीठ लागलं तर ताट सरकवून द्यायचे. अळणी किती जेवणार? अंग झडत गेलं.

एका संध्याकाळी एन्योनाम त्यांच्यापाशी बसली. "पापा, ती गोष्ट मी तुमच्यावर रचली. चुकले मी. यायराला बंद करायला सांगते."

"ऐकेल?"

"ऐकेल."

"मग तिला कुणी खेळायला घेईल?"

एन्योनामने त्यांचं सरकवलेलं ताट उचललं.

"तर मग राहू दे," मास्तर म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पोर येत नाही का गं माझ्याकडे आता?"

"येईल, पापा."

यायराला तिने पाठवलंही. यायरा दारापर्यंत गेली, आजोबांनी हात पुढे केले, आणि ती म्हणाली, "मी आता रडत नाही, तोग्बे." उद्धटपणे नाही, जशी एखादी गंमत सांगावी तशी. मग खेळायला पळाली. मास्तरांचे हात बराच वेळ तसेच पुढे होते. एन्योनाम पडद्याआड उभी राहून पाहत होती, आणि ते हात खाली घ्यायला कुणीतरी जायला हवं हे कळत असूनही तिचा पाय उचलला नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आधी ते गेले. मयताला सगळा किनारा लोटला, कारण अर्ध्या किनाऱ्याला त्यांनी वाचायला शिकवलं होतं. ढोल वाजले, शोकाचे लाल-काळे कपडे एन्योनामनेच कापले, पडदा उघडा ठेवून, डाव्या हाताने. कुणी काही म्हटलं नाही. त्या दिवसांत बायका तिच्या डोळ्यांकडे बघत होत्या, हाताकडे नाही. ती ढसाढसा रडली. आत कुठेतरी तिला स्वतःचंच रडणं ऐकू येत होतं आणि ते मास्तरांना आवडलं असतं असंही वाटून गेलं.

पुढच्या वर्षी ती यायराला घेऊन केटाच्या बाजारात गेली होती, दोऱ्याची रिळं आणायला. कांद्याच्या टोपल्यांपलीकडे काही मुली टाळ्यांचा खेळ खेळत होत्या. अनोळखी मुली, दुसऱ्याच गावच्या. म्हातारबुवा, म्हातारबुवा. मीठ हवं का, पाशी त्या बरोबर थांबत होत्या, हात हवेत धरून, आणि मग हसत टाळी देत होत्या. कुणाबद्दलचं गाणं आहे हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

एन्योनामला आधी वाटलं की चाल छान बसली आहे. हे वाटलं याचीच तिला नंतर जास्त शरम वाटली.

"मा, ते आपलं गाणं आहे!" यायरा म्हणाली. "सांगू त्यांना?"

"नको. चल इथून."

यायराने आईचा हात सोडवला आणि टोपल्यांमधून वाट काढत गेली. तिथे जाऊन तिने काहीतरी सांगितलं, डावा हात उंच करून ताल दाखवला. मुलींनी तिच्याकडे पाहिलं. मग सरकून तिला मध्ये जागा करून दिली.